शिसं उंबऱ्याबाहेरच ठेव

अगं, एक सांगते, रागावू नकोस. बाळाचे बाबा दुकानातून आले की त्याच शर्टावर बाळाला उचलून घेतात ना, ते आधी बंद कर. धुळ्याच्या हायवेला ट्रकच्या बॅटऱ्यांचं काम म्हणजे दिवसभर शिशाशी गाठ. हाताला, केसांना, चपलेला चिकटून ते घरात येतं. ना दिसतं, ना वास येतो.

पोटात गेलेलं शिसं लहान मूल मोठ्यांपेक्षा चार-पाच पट जास्त शोषतं. अंगात लोह कमी असेल तर आणखीच. पोर चिडचिडतं, पोट दुखतं म्हणतं, शाळेत लक्ष लागत नाही, आणि आपण म्हणतो दृष्ट लागली. मीठ-मोहरी ओवाळ हवं तर, पण रक्तातलं शिसंही तपास. डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त निघालं, तर ते कुठून येतंय ते शोधून थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफच्या 2020 च्या अहवालात त्या पातळीवरची मुलं एकट्या भारतात सुमारे 27.5 कोटी होती. मग लाज कसली?

काम सोडा असं मी म्हणणार नाही, घर त्यावर चालतं. पण कपडे दुकानातच बदलायचे, अंघोळ झाली की मग बाळ. ते कपडे वेगळे धू. कोरडं झाडू नकोस, ओल्या फडक्यानं पूस. जुनी बॅटरी अंगणात फोडायची नाही, प्लेटा वितळवायच्या तर मुळीच नाही. भंगारवाला चार पैसे जास्त देतो म्हणून भुलू नका. 2022 च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून नोंदणीकृत कारखान्यात पाठवणं कंपन्यांच्या माथी मारलंय. 

शिसं मातीत मुरलं की मग खरी पंचाईत. लॉस एंजेलिसजवळ व्हर्ननला जुन्या बॅटऱ्या गाळणारा कारखाना होता, आजूबाजूला स्पॅनिश बोलणारी कामकरी कुटुंबं. लोक वर्षानुवर्षं ओरडले, तेव्हा 2015 ला तो बंद पडला. पुढे हजारो अंगणांची माती खरवडायची वेळ आली, कंपनी दिवाळखोरीत गेली आणि खर्च सरकारच्या गळ्यात. बंगलेवाल्यांच्या शेजारी असला कारखाना कोण टिकू देतं गं!

गल्लीमागे रात्री कोणी शिसं वितळवायची भट्टी लावत असेल तर एकटी भांडू नकोस. चौघींच्या सह्यांचा अर्ज प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्या, पोच घ्या. आणि डॉक्टरांना स्पष्ट सांग, बाळाचा बाप बॅटरीचं काम करतो. नाहीतर ते नुसतं हिमोग्लोबिन बघून सोडतील.