मुखत्यारपत्रावरचे घर

प्रश्न : वाशीतील सिडकोचे घर वडिलांनी मूळ वाटपदाराकडून मुखत्यारपत्रावर घेतले. घरपट्टी आम्हीच भरतो. गॅलरी बंद करून खोलीही वाढवली आहे. घर विकता येईल काय?

उत्तर : पावत्यांचा गठ्ठा अवश्य जपावा, परंतु महानगरपालिकेची पावती करभरणा सिद्ध करते, मालकी नव्हे. वाशीतील जमीन बहुतांशी सिडकोच्या स्वामित्वाची असून 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असल्यामुळे, ज्यास आपण लौकिकात मालकी म्हणतो ती येथे पट्ट्याच्या शर्तींनी बद्ध असते, आणि सिडकोची परवानगी घेऊन हस्तांतरण शुल्क भरणे ही त्यांतील प्रमुख शर्त होय. केवळ मुखत्यारपत्र, विक्रीचा करार व मृत्युपत्र यांच्या बळावर स्थावराचा हक्क संक्रमित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणी निःसंदिग्धपणे सांगितले; शिवाय लिहून देणारा निवर्तल्यास मुखत्यारपत्र सामान्यतः निष्प्रभ होते. म्हणून वाटपदार हयात असेल तर त्याजकडून, नसेल तर त्याच्या सर्व वारसांकडून, परवानगीनिशी नोंदणीकृत दस्त करून घ्यावा. वारस अशा वेळी अचानक जागरूक होतात, हे गृहीत धरावे.

गॅलरीविषयी आपण ओझरते लिहिले, पण परवानगीविना केलेल्या बांधकामास 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 53 खाली नोटीस येऊ शकते. ते नियमित होईल काय, हे नोंदणीकृत वास्तुविशारदाकडून मंजूर नकाशाशी ताडून पाहावे, आणि तोवर कोणाकडूनही बयाणा घेऊ नये.