ऊब खालून राखायची

अगं, लग्नानंतरचा तुझा हा पहिलाच हंगाम. पाथर्डीची तुमची ऊसतोडीची टोळी यंदा देवळाली प्रवऱ्याला उतरणार म्हणालीस, म्हणून आत्ताच बोलून घेते. नाशिकजवळचं देवळाली वेगळं. हे राहुरी तालुक्यातलं. भोवताली प्रवरेच्या पाटपाण्यावर वाढलेला ऊस. तो लोणीच्या कारखान्याला जावो की अशोकनगरच्या, आपलं बिऱ्हाड फडाजवळच्या पाचटाच्या कोपीतच. थंडीच्या लाटेत नगर भागात पारा १० अंशांच्या खाली येतो आणि पाणी दिलेल्या रानाशेजारी तर हाडं गोठतात.

कोपीची जागा बघायला नवऱ्याबरोबर तू स्वतः जा. बायका मागं राहिल्या की पुरुषमाणसं पाण्याजवळची, चारीच्या काठची जागा धरतात. पाणी वाहायचं वाचतं, पण गार हवा सखल जागेतच साचते आणि जमीन रात्रभर ओल सोडते. थोडी उंचावरची, मुरमाड जागा बघ. थंडीतला वारा बहुतेक उत्तरेकडून, ईशान्येकडून येतो, तेव्हा दार दक्षिणेला काढ आणि बैलगाडी असली तर ती उत्तरेच्या अंगाला लाव, तेवढाच आडोसा. शेजारची कोपी चिकटून नको. सगळं पाचटाचंच असतं. एकीनं पेट घेतला की दुसरी वाचत नाही.

आता खरी गोष्ट. थंडी वरून वाजते असं आपल्याला वाटतं आणि आपण गोधड्यांवर गोधड्या ओढतो. अगं, अंगातली बरीचशी ऊब तर जमीनच ओढून घेते. म्हणून आधी खाली घाल. कोरडं पाचट चांगलं हातभर अंथर. ते दबून वीतभर झालं की वर खताच्या रिकाम्या गोण्या उसवून, जोडून शिवलेलं अंथरूण टाक, मग गोधडी. दोनच गोधड्या असल्या तर जाड ती खाली, पातळ ती वर. आठ-पंधरा दिवसांनी पाचट बदलायचं. दमट पाचटानं थंडी तर वाजतेच, शिवाय त्यात विंचूकाटा येऊन बसतो. फडात पाचटाला काय तोटा!

भिंतीच्या बुडाशी बाहेरून माती ओढून चोप. वारा शिरतो तो तिथूनच. ताडपत्री पाचटाच्या वरून टाक, आतून लावू नकोस. आतून लावली की आपल्याच श्वासाची वाफ तिला धरते आणि पहाटे अंथरुणावर टिपकते. शेंड्याला मूठभर फट राहू दे. ताडपत्री, बांबू कुणी द्यायचे हे मात्र उचल घेतानाच मुकादमाशी बोलून घ्या. एकदा गाडी फडावर पोचली की आपलं कोण ऐकतं?

विस्तवाचं नीट ऐक. चूल दाराबाहेर, वाऱ्याच्या आड. शेकायचं ते बाहेरच शेका आणि झोपण्याआधी निखाऱ्यांवर पाणी ओता. घमेल्यात निखारे घेऊन आत झोपायचं नाही, कितीही गारठलीस तरी. आग लागण्याचं भय आहेच, पण निखाऱ्याचा विषारी वायू त्याहून दगाबाज. त्याला ना वास, ना रंग. डोकं जड होतं, मळमळतं, आणि थकव्यानं झोप आली असं वाटून माणूस पुन्हा उठतच नाही. पाय गारच पडत असतील तर चुलीजवळ वीट तापव, हाताला सोसेल इतकी निवू दे आणि जाड फडक्यात गुंडाळून पायथ्याशी ठेव.

आधार, रेशनकार्ड, ग्रामसेवकाकडून घेतलेलं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र, हिशोबाची वही, सगळं पत्र्याच्या पेटीत आणि पेटी दाराशी. कोपी पेटली तर आधी माणसं बाहेर, मग हाताला लागली तर पेटी. कुणाला भाजलंच तर त्या जागेवर वीस मिनिटं साधं पाणी ओतत राहायचं. शाई नाही, टूथपेस्ट नाही. आणि १०८ ला फोन.

पहाटे फडात शिरलीस की दवानं लुगडं कमरेपर्यंत भिजतं. वरून नवऱ्याचा जुना शर्ट घालशील, पण रात्री निजायचे कपडे वेगळेच ठेव आणि ते घालून कधी फडात जाऊ नकोस. रात्री-अपरात्री ट्रक भरायला उठवतात. मोळ्या वाहताना घाम येतो आणि काम थांबलं की तोच घाम अंगावर गार पडतो. कोपीत आलीस की आधी कोरडं नेस, मग चहा. आंघोळ दुपारी, काळ्या पिंपातलं पाणी उन्हात आपसूक कोमट होतं. आणि आडोसा नाही म्हणून पाणी प्यायचं टाळू नकोस. थंडीत तहान लागत नाही, मग लघवीची जळजळ सुरू होते आणि बायका लाजून कुणाला सांगत नाहीत.

टोळीत कुणाचं तान्हं असलं तर त्याच्या आईला सांग: पोर उघडं करून आपल्या उघड्या छातीशी धरायचं, त्याच्या डोक्याला टोपडं आणि वरून दोघांवर गोधडी. तोंड झाकायचं नाही. पोराचं पोट हाताला गार लागलं, ते अंगावर दूध ओढेना, मलूल पडलं, तर शेकत बसू नका. तसंच छातीशी धरून दवाखाना गाठा.

हे सगळं करायला पहिला अख्खा दिवस लागतो, आणि मुकादम पहिल्याच दिवशी कोयता चालवायला लावतो. तेव्हा टोळीतल्या बायकांनी एकत्र जाऊन सांगा, आधी कोप्या, मग फड. एकटीनं बोललीस तर आगाऊ ठरशील. सगळ्या बोललात तर एक दिवस मिळतो.