दिव्यांग बालकांचे उपचार आणि विमा-संरक्षण

चार वर्षांचे एक मूल अद्याप आधाराशिवाय उभे राहत नाही. जिल्हा रुग्णालयातील डॉक्टर तपासणी करून सांगतात की, त्यास मेंदूचा पक्षाघात आहे. तूर्त शस्त्रक्रियेची आवश्यकता नाही, परंतु आठवड्यातून दोन वेळा भौतिकोपचार करावे लागतील आणि त्यात खंड पडता कामा नये. आईवडील शेतमजूर आहेत. त्यांच्याजवळ शासकीय आरोग्य योजनेचे कार्ड आहे. ते घेऊन दोघे आरोग्यमित्राकडे जातात, तेव्हा त्यांना समजते की, मूल रुग्णालयात दाखल झाल्याखेरीज या कार्डावर खर्च मिळत नाही. उत्तर नियमास धरूनच असते. मात्र ते ऐकून पालक गावी परततात आणि पुष्कळदा उपचारांचा विषय तेथेच संपतो.

हा प्रसंग एका घरचा नव्हे; थोड्याफार फरकाने तो अनेक घरी घडतो. अशा पालकांना पुढची वाट दाखविणारे कोणी गावातच असेल, तर मुलाची मोलाची वर्षे वाया जाणार नाहीत. शिक्षक, पंचायत सदस्य आणि ग्रामपातळीवरील अधिकारी यांनी हा विषय समजून घेणे त्यासाठी अगत्याचे आहे.

उपचारांत खंड का पडू नये

मेंदूच्या पक्षाघातात मेंदूला झालेली मूळ इजा वाढत नसते. परंतु तिचे शरीरावरील परिणाम वाढू शकतात. मूल वाढते तशी हाडे लांब होतात. ताठरलेले स्नायू त्या प्रमाणात लांबत नाहीत. त्यामुळे सांधे आखडतात, पाय वाकडे पडू लागतात आणि काही मुलांत खुब्याचा सांधा जागेवरून सरकतो. नियमित व्यायाम, योग्य रीतीने बसविणे व उभे करणे, आवश्यक तेथे पट्ट्या व आधार वापरणे यांमुळे ही हानी पुष्कळ अंशी टाळता येते किंवा लांबविता येते. वर्षभर उपचार थांबले, तर जे काम सरावाने झाले असते त्यासाठी पुढे शस्त्रक्रिया करण्याची वेळ येऊ शकते.

स्वमग्न मुलांच्या बाबतीत वाचा-उपचार, व्यवसायोपचार आणि विशेष शिक्षण यांचे स्थान असेच आहे. मुलाने आपली गरज शब्दाने किंवा खुणेने सांगणे, स्वतःच्या हाताने जेवणे, वर्गातील गोंगाट सहन करणे या गोष्टी एका भेटीत साधत नाहीत. महिनोन्महिने पुनःपुन्हा केलेल्या सरावातून त्या येतात. तात्पर्य, हे उपचार औषधाच्या मात्रेपेक्षा शाळेच्या अभ्यासाशी अधिक मिळतेजुळते आहेत. सातत्य हाच त्यांचा प्राण होय.

विमा कशासाठी असतो

विम्याची मूळ कल्पना आकस्मिक संकटाशी निगडित आहे. अनेकांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्याच्यावर संकट कोसळेल त्यास त्यातून साह्य मिळावे, हे तिचे सूत्र. आरोग्य विम्यात संकटाची खूण म्हणजे रुग्णालयात दाखल होणे, असे सामान्यतः मानले गेले. केंद्र शासनाच्या २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ते मुख्यत्वे दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. राज्यात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी योजनाही ठरावीक शस्त्रक्रिया व उपचारांभोवती रचलेली आहे. मोठ्या आजाराच्या वेळी या योजनांनी असंख्य कुटुंबांना कर्जाच्या खाईतून वाचविले आहे. परंतु दिव्यांग बालकाची गरज निराळी असते. ते आकस्मिक आजारी पडलेले नसते; त्यास खाटेची नव्हे, सरावाची गरज असते. संरक्षण खाटेशी बांधलेले असेल, तर असे बालक त्याच्या कक्षेबाहेर राहते.

केटी बेकेटचा दाखला

ही अडचण केवळ आपल्याकडचीच आहे असे नाही. अमेरिकेसारख्या संपन्न देशातही ती उद्भवली आणि एका मुलीच्या निमित्ताने तेथील कायदा बदलावा लागला. आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स येथे १९७८ मध्ये जन्मलेल्या केटी बेकेट हिला अवघ्या पाच महिन्यांची असताना मेंदूज्वर झाला. श्वासोच्छ्वासासाठी यंत्राची मदत घ्यावी लागली आणि तिचे बालपण रुग्णालयात जाऊ लागले. काही काळाने तिची काळजी घरी घेता येईल, असे डॉक्टरांचे मत पडले. घरचा खर्च रुग्णालयाच्या खर्चाच्या मानाने पुष्कळच कमी होता. अडथळा होता तो नियमाचा. ती रुग्णालयात राहिली, तर ‘मेडिकेड’ ही सार्वजनिक योजना खर्च देई. घरी गेली, तर आईवडिलांचे उत्पन्न हिशोबात धरले जाऊन तिची पात्रता संपे.

केटीच्या आईवडिलांनी हा विषय लोकप्रतिनिधींपर्यंत नेला. नोव्हेंबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रीगन यांनी वार्ताहर परिषदेत या प्रकरणाचा उल्लेख केला आणि त्यानंतरच्या महिन्यात केटी घरी आली. १९८२ च्या कायद्याने अशा बालकांना आईवडिलांचे उत्पन्न न मोजता घरी राहून संरक्षण देण्याची मुभा राज्यांना मिळाली. केटी पुढे शिकली, तिने दिव्यांगांच्या हक्कांसाठी काम केले आणि २०१२ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी ती निवर्तली. या प्रकरणात कोणीही कर्मचारी दुष्ट नव्हता. प्रत्येकजण नियमाप्रमाणेच वागत होता. नियम तयार करताना घरी राहणाऱ्या बालकाचा विचार झाला नव्हता, एवढेच.

निरामय योजना

आपल्या देशात हा विचार करणारी योजना आहे, ही बाब अनेक पालकांना ठाऊक नसते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींच्या कल्याणासाठी संसदेने १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यासाचा कायदा केला. या न्यासामार्फत २००८ मध्ये ‘निरामय’ आरोग्य विमा योजना सुरू झाली. तिची काही वैशिष्ट्ये ध्यानात ठेवण्याजोगी आहेत.

वर्षाला एका व्यक्तीमागे १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. विमा घेण्यापूर्वी वैद्यकीय तपासणीची अट नाही. जन्मतः असलेल्या व्यंगाचे कारण पुढे करून अर्ज नाकारला जात नाही. वयाचे बंधन नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रुग्णालयातील उपचारांबरोबरच बाह्यरुग्ण तपासणी, औषधे आणि दिव्यांगत्वाचा परिणाम कमी करणारे सततचे उपचारही तीत समाविष्ट आहेत. प्रवासखर्चासाठीही लहानशी तरतूद आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी नोंदणीशुल्क इतरांपेक्षा कमी ठेवलेले आहे.

या योजनेत रक्कम आधी पालकांनी खर्च करावयाची व नंतर दावा करून परत मिळवावयाची असते. म्हणून कागदपत्रांना येथे विशेष महत्त्व आहे.

पालक कोठे अडतात

पहिली अडचण प्रमाणपत्राची. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगता मान्य झाली आहे. निरामय योजना मात्र वर सांगितलेल्या चार प्रकारांपुरती आहे. प्रमाणपत्रावर दिव्यांगतेचा प्रकार ज्या शब्दांत लिहिला असेल, त्यावर पात्रता ठरते. मेंदूच्या पक्षाघातामुळे चालू न शकणाऱ्या मुलाच्या प्रमाणपत्रावर केवळ ‘अस्थिव्यंग’ एवढाच उल्लेख असेल, तर अर्ज अडू शकतो. मूळ निदान प्रमाणपत्रात नोंदले गेले आहे की नाही, हे ते हाती पडताच पाहावे आणि चूक असल्यास तेव्हाच दुरुस्तीची विनंती करावी.

दुसरी अडचण नूतनीकरणाची. विम्याचे वर्ष १ एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंत असते. एकदा कार्ड मिळाले की ते कायमचे झाले, अशी समजूत करून घेणारे पालक दुसऱ्या वर्षी दावा करतात आणि तो फेटाळला गेल्यावर त्यांना नूतनीकरण राहून गेल्याचे कळते.

तिसरी अडचण पावत्यांची. उपचार करणाऱ्याकडून पावती न घेणे, घेतली तर तीवर मुलाचे नाव किंवा दिनांक नसणे, डॉक्टरांची लेखी शिफारस हरविणे, मुदतीनंतर दावा पाठविणे, अशा बारीकसारीक कारणांनी न्याय्य दावेही निष्फळ ठरतात. उपचार करणारी व्यक्ती अर्हताप्राप्त व नोंदणीकृत असणेही आवश्यक आहे. वाचा-उपचारतज्ज्ञ व विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. भौतिकोपचार व व्यवसायोपचार करणाऱ्यांसाठी राज्याची स्वतंत्र परिषद आहे. पावतीवर नोंदणी क्रमांक आहे की नाही हे पाहण्याची सवय पालकांना लावली पाहिजे.

मर्यादेचे गणित

योजनेचे गुण सांगताना तिच्या मर्यादा झाकून ठेवू नयेत. १ लाख रुपयांची रक्कम निरनिराळ्या शीर्षांत विभागलेली असते आणि सततच्या उपचारांचा वाटा त्यातील एक लहान भाग असतो. समजा, एका वेळच्या भौतिकोपचारास ३०० रुपये पडतात आणि मूल आठवड्यातून दोनदा जाते; वर्षाच्या ५२ आठवड्यांचा खर्च ३१,२०० रुपये होतो. उपचारांच्या शीर्षाखालील रकमेतून तो सर्व भागेल, असे गृहीत धरून चालणार नाही. शिवाय, मुलाला घेऊन जाणाऱ्या आईची त्या दिवसाची मजुरी बुडते, ती कोणत्याच तक्त्यात येत नाही. चालू वर्षाचा मर्यादांचा तक्ता पाहूनच पालकांना आकडा सांगावा. ऐकीव आकड्यावर त्यांना आशा लावू नये.

म्हणूनच विम्याच्या जोडीला विनामूल्य सेवांचा उपयोग करून घेणे शहाणपणाचे ठरते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. वैद्यकीय पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. दोष आढळलेल्या बालकांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठविले जाते आणि तेथे उपचारांचे मूल्य द्यावे लागत नाही. केंद्रातील तज्ज्ञाने घरी करावयाचा व्यायाम आईला शिकविला, दर काही आठवड्यांनी तपासला आणि अधल्यामधल्या काळात तालुक्याच्या ठिकाणी विम्याच्या आधारे उपचार घेतले, तर थोड्या रकमेत अधिक काम होते.

गावात काय करता येईल

शिक्षक व अंगणवाडी सेविका यांनी वेळेवर न बसणाऱ्या, न बोलणाऱ्या किंवा हाकेला प्रतिसाद न देणाऱ्या मुलांची नोंद ठेवून ती आरोग्य पथकासमोर मांडावी. ‘मोठे झाल्यावर बोलेल’ या भरवशावर दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. मुख्याध्यापकांनी अशा मुलांच्या पालकांना प्रमाणपत्र, आधार, उत्पन्नाचा दाखला व बँक खाते ही कागदपत्रे एकत्र ठेवण्यास सांगावे आणि जिल्ह्यात राष्ट्रीय न्यासाकडे नोंदलेली संस्था असल्यास तिच्याशी त्यांची गाठ घालून द्यावी. अर्ज भरण्याच्या कामी अशा संस्थांचे साह्य होते.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गावातील दिव्यांग बालकांची एक यादी ठेवावी. तीत दिव्यांगतेचा प्रकार, प्रमाणपत्राचा दिनांक व विम्याची मुदत हे तीन रकाने असले, तरी पुरे. फेब्रुवारी महिन्याच्या बैठकीत ती यादी वाचली गेली, तर मार्चअखेर एकही नूतनीकरण राहणार नाही. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची आहे. तिचा विनियोग ठरविताना शासनाच्या सूचनांच्या चौकटीत राहून बालकांच्या उपचारांची गरज ग्रामसभेपुढे मांडणे, हे सदस्यांचे काम आहे. प्रौढ मतदाराप्रमाणे मूल आपली मागणी घेऊन सभेला येत नाही, हे त्यांनी विसरू नये.

दावा फेटाळला गेल्यास कारण लेखी मागावे व त्रुटी दुरुस्त करून तो पुन्हा पाठवावा. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम २४ मध्ये सामाजिक सुरक्षेच्या योजनांत, अन्य विम्याचे संरक्षण नसलेल्या दिव्यांग व्यक्तींसाठी सर्वंकष विमा योजनेचाही उल्लेख आहे. तेव्हा विम्यासाठी कार्यालयात येणारे पालक दान मागत नसतात. कायद्याने मान्य केलेल्या गोष्टीची विचारणा करीत असतात. त्यांना बसावयास सांगून कोणता कागद कमी आहे हे एकाच भेटीत स्पष्ट केले, तर त्यांची एका दिवसाची मजुरी वाचते.

आरंभी उल्लेखिलेल्या आईवडिलांना आरोग्यमित्राने दिलेले उत्तर बरोबर होते, पण अपुरे होते. ‘या कार्डावर मिळत नाही’ या वाक्यास ‘परंतु निरामय योजनेत मिळते, आणि केंद्रात उपचार विनामूल्य आहेत’ एवढी जोड कोणी दिली असती, तर ती दोघे वेगळ्या वाटेने घरी परतली असती. ते दुसरे वाक्य सांगणारा एक तरी जाणकार माणूस प्रत्येक गावात असला पाहिजे. मुलाचे वय थांबत नाही. त्याचे उपचारही थांबू नयेत.