चामड्याने मढविलेली पेटी

बंदूक म्हटली की आपले लक्ष तिच्या नळीकडे आणि नेमाकडे जाते. परंतु नळी साफ करण्याचा गज, तेलाची कुपी, पेचकस, काडतुसे हे किरकोळ वाटणारे साहित्य जागच्या जागी व कोरडे नसेल, तर उत्तम नेमबाजही हतबल होतो. याच साहित्यासाठी चामड्याने मढविलेली लाकडी पेटी निर्माण झाली. ती कशी घडते, हे पाहण्याजोगे आहे.

गुजरातची चर्मकला पुरातन आहे. तेराव्या शतकातील प्रवासी मार्को पोलो याने पशुपक्ष्यांच्या आकृतींनी नटलेल्या येथील तांबड्या-निळ्या चर्मचटयांची वाखाणणी केली आहे. महाराष्ट्रात घोड्यांची खोगिरे करणारे जिनगर आणि चर्मकार यांनी ही विद्या पिढ्यान् पिढ्या जतन केली.

पेटीचा सांगाडा मुरलेल्या सागवानाचा करावा. कच्चे लाकूड पुढे आकसते आणि त्यावरील चामडे सुरकुतते. कुशल सुतार पेटी प्रथम सहाही बाजूंनी बंद करतो व नंतर करवतीने झाकण वेगळे करतो. त्यामुळे झाकण तंतोतंत बसते.

चामडे बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले घ्यावे. असे चामडे ओले केले असता मऊ होते, दाबल्याप्रमाणे आकार घेते आणि वाळल्यावर तो सोडीत नाही. त्याच्या कडा रापीने तासून पातळ कराव्यात, म्हणजे दुमडीवर उंचवटा राहत नाही. खळ लावून चामडे मध्यापासून कडांकडे दाबीत न्यावे, नाहीतर आत हवेचे फुगे राहतात. मग पेटी सावलीत वाळवावी; उन्हात चामडे तडकते.

मूठ व पट्टे यांची शिवण विशेष असते. मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांस सुया ओवतात. आरीने पाडलेल्या प्रत्येक छिद्रातून त्या समोरासमोरून काढतात. पुढे एखादा टाका झिजून तुटला, तरी शेजारचे टाके सहसा उसवत नाहीत.

आता एक महत्त्वाची गोष्ट. बाहेर शोभणारे हे चामडे आत मात्र लावू नये. कमावताना त्यात उतरलेले आम्ल दमट हवेत पितळेवर हिरवा थर आणते व पोलादाला गंज चढविते. म्हणून आतील कप्प्यांना बनातीचे अस्तर देतात. जे बाहेर रक्षण करते, तेच आत घात करू शकते, हे कारागिराने अनुभवाने ओळखले होते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपला. तथापि नेमबाजी ही क्रीडा म्हणून वाढली आहे. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली विश्वविजेती झाली, तर कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक पटकाविले. साहित्य कोरडे व जागच्या जागी ठेवण्याची शिस्त आजच्या नेमबाजालाही तितकीच आवश्यक आहे.

परंतु या पेटीने शिकविलेला धडा याहून मोठा आहे. ज्या समाजाने चर्मकाराला गावकुसाबाहेर ठेवले, त्याच समाजातील धनिकांनी त्याच्या हातची वस्तू दिवाणखान्यात मिरविली. पेटीवर मालकाचे नाव सोनेरी अक्षरांत उमटले; करणाऱ्याचे क्वचितच कोणी विचारले. संत रोहिदासांनी चामड्याचे काम करीतच भक्तीचा मार्ग दाखविला, तरीही हे घडले. १९५० मध्ये अमलात आलेल्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. पण श्रमाविषयीची तुच्छता केवळ कलमाने जात नाही, ती मनातून काढावी लागते.

आपल्या अकोट्यातून विश्वामित्रीपलीकडे गेले की वडोदऱ्याचे जुने शहर लागते. तेथे १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन स्थापून हस्तव्यवसायास विद्येचे आसन दिले. त्या वारशाला जागावयाचे असेल, तर येत्या सुटीत प्रत्येकाने स्वतःच्या लेखण्यांसाठी एक लहानशी पेटी मढवून पाहावी. पहिली दुमड वाकडी येईल, पहिला टाका सैल पडेल. आणि तेव्हाच रापी धरणाऱ्या हाताची खरी योग्यता आपणास कळेल.