विजन आणि वन

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी निरूपिलेल्या आचारधर्मात विजनाला मोठे स्थान आहे. साधकाने स्वदेशाचा, स्वग्रामाचा आणि विशेषेकरून आप्तेष्टांचा संबंध सोडावा. जेथे आपणांस कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी वृक्षाच्या आश्रयाने आयुष्य वेचावे, असा आचार प्रकरणातील सूत्रांचा अभिप्राय आहे.

ही सूत्रे वाचताना एक समजूत सहज होते, की शांती रानात असते व ती आणण्यासाठी साधकाने तेथे जावे. गावच्या धकाधकीला विटलेला मनुष्य चार दिवस डोंगरात राहून ताजातवाना होऊन येतो, तेव्हा ही समजूत अधिकच दृढ होते. म्हणून वन आणि विजन यांतील भेद पाहणे अगत्याचे आहे.

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत. यांत वन कोठे पडते? झाडे, पाषाण, झरे, वारा ही पंचभूतांची रचना. म्हणून वन प्रपंचातच मोडते. सावलीत अंगाचा ताप निवतो, निःशब्दतेत मन क्षणभर स्थिर होते. हे सुख खोटे नव्हे. परंतु ते प्रपंचाचेच सुख होय. पानगळ झाली की सावली सरते. जे जड, ते जीवाचे अज्ञान फेडू शकत नाही. वनात एखादी देवता कल्पून तिच्यापाशी शांती मागावी, तर देवतेचे फळही मर्यादित. मोक्षदाता एक परमेश्वरच.

लीळाचरित्रातील सशाची लीळा या दृष्टीने चिंतनीय आहे. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा धावत येऊन स्वामींच्या जानूतळी शिरला. पारध्यांनी तो मागितला. स्वामींनी शरणागताला दिले नाही, आणि पारध्यांचेही मन हिंसेपासून वळविले. ससा तर रानातलाच जीव. झुडुपे, बिळे, वाटा त्याच्या ओळखीच्या. तरी प्राणसंकटी रान त्याला राखू शकले नाही. त्याला अभय मिळाले ते स्वामींच्या चरणांपाशी.

येथे कोणी शंका घेईल, की वनाने शांती मिळत नसेल तर वृक्षमूळ सांगितले कशासाठी? याचे समाधान असे. 'विजन' हा शब्द झाडांचे असणे सांगत नाही, जनांचे नसणे सांगतो. गावात आपले नाव असते, मान असतो, कोणाचे देणे, कोणाचा राग असतो. विजनात हाक मारणारे कोणी नसते. तेथे नाम, मूर्ती, लीळा, चेष्टा यांचे स्मरण अखंड चालू शकते. रानात जाऊनही गावच्याच गोष्टी चालल्या, तर वन लाभले, विजन लाभले नाही. एकाच झाडाची गोडी लागली, तर तेच दुसरे स्वग्राम झाले. तुमच्यामुळे मुंगीचाही संसार मोडू नये, इतकी अहिंसा ज्यांना सांगितली त्यांनी तेथील फांदी मोडताना, विस्तव पेटविताना विचार करावा, हे वेगळे सांगणे नको.

विजनाची परीक्षा विजनात होत नाही. भिक्षुक भिक्षेसाठी गावात येतो. कोणी घालते, कोणी दारातून परतविते, कोणी टाकून बोलते. त्या वेळी चित्त स्मरणापासून ढळले नाही, तर सकाळचे विजन सार्थ झाले. ढळले, तर उद्या पुन्हा जावे. नित्य आचाराचे प्रयोजन हेच.

सालबर्डीचे डोंगर आज अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात येतात. तेथे स्वामींचे वास्तव्य झाले. यात्रेकरूला तेथील झरे व झाडी रम्य वाटते, आणि वाटावीच. परंतु आपण स्थान वंदितो ते रम्यतेमुळे नव्हे, ईश्वरसंबंधामुळे. ओसाड माळावरील ओट्यापुढेही आपले मस्तक तितकेच नम्र होते.

वासनिकाने हा विचार आपल्यापुरता नाही असे मानू नये. त्याला घर सुटत नाही, शेत-दुकान सुटत नाही. पण पहाटे घर जागे होण्यापूर्वीची घटका त्याचीही आहे. बांधावरच्या झाडाखाली, हिशेब व भांडण दूर ठेवून एक लीळा मनात आणली, तर तेवढे त्याचे विजन होय. घटकेने उठून तो घरी परतेल, तेव्हा त्याच्या बोलण्यातील कठोरपणा उणा झाला आहे की नाही, हे घरच्यांना सांगावे लागणार नाही.