खेड्याचे चित्र आणि आपले खेडे

‘खेड्याचे दृश्य’ काढा म्हटलं की बहुतेक वह्यांत एकच चित्र येतं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळणाची नदी, गवताची झोपडी आणि शेजारी नारळाचं झाड. आता आपल्या जालना जिल्ह्यात बघा. इथं बाभूळ आहे, कडुनिंब आहे, मोसंबीच्या बागा आहेत. घरं माळवदाची, पत्र्याची नाहीतर स्लॅबची. मग हा नारळ आला कुठून?

तो आला दुसऱ्या चित्रांवरून. कॅलेंडर, तक्ते, दिवाळी अंक यांतलं खेडं नेहमी हसरं असतं. दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. त्यांनी रंगवलेल्या स्त्रिया देखण्या आणि टवटवीत दिसतात. सणाच्या अंकाला ते शोभतंही. अशा चित्राला आदर्श चित्रण म्हणतात, म्हणजे जसं असावंसं वाटतं तसं काढणं. पण त्यात घाम आणि थकवा सहसा गळून जातो.

आता दुसरं चित्र बघू. फ्रान्सचे चित्रकार मिले हे शेतकऱ्याच्या घरात जन्मले. १८५७ मध्ये त्यांनी सरवा वेचणाऱ्या तीन बायका रंगवल्या. कापणीनंतर रानात पडलेली कणसं त्या वाकून वेचतायत. मागे दूरवर धान्याच्या मोठ्या गंजी आहेत आणि घोड्यावर मुकादम आहे. गंजी दुसऱ्याच्या, यांच्या हाती मूठभर कणसं! पॅरिसच्या बड्या लोकांना हे चित्र रुचलं नाही. तरीही या बायका केविलवाण्या वाटत नाहीत, भारदस्त वाटतात. म्हणजे कष्ट दाखवूनही चित्र सुंदर होतं.

म्हणून शेतीचं कोणतंही चित्र पाहताना तीन प्रश्न विचारा :
१) काम कोण करतंय?
२) पीक कुणाच्या घरी जातंय?
३) चित्रात काय नाही?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याच वर्गातली काही मुलं दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. नारळाच्या झाडाखाली त्यांचं घर कुठंच सापडत नाही.

कृती : ओटी बांधून कापूस वेचणारी आई, सोयाबीनची रास किंवा ऊसतोडीची कोपी, जे स्वतः पाहिलंय त्याचं चित्र काढा. आवडते रंग खुशाल वापरा. फक्त झाड आपल्या गावातलंच असू द्या.