मरणाबद्दल बोलणार कोण?

प्रश्न : आमच्या गावात कुणी वारलं की रात्री भजन बसतं. अभंग मरणाचेच असतात, पण ऐकताना मन हलकं होतं. कवी मरणाबद्दल असं काय नि कसं लिहितात?
– एक वाचक, जऊळका (जि. वाशिम)

उत्तर : वृत्त, अलंकार, प्रतिमा या नंतरच्या गोष्टी. त्याआधी कवीला ठरवावं लागतं की, मरणाबद्दल बोलणार कोण? मराठीतल्या मृत्यूच्या कवितेचं बळ मला या निवडीतच दिसतं. तुकोबांच्या एका अभंगात मरणारा आणि ते मरण बघणारा एकच आहे. आपण ज्याला भ्यायचं, तो प्रसंग तिथे तुकोबाच आनंदाने सांगतात, म्हणून ऐकणाऱ्याची भीती ओसरते.

नामदेवांचं गाव नरसी तुमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातलं. 1296 साली ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली, त्या प्रसंगावरचे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत. तिथे बोलतो तो जवळचा सोबती. तो घाई करत नाही. कोण आलं, कोण रडलं, निरोप कसा घेतला, हे एकेक करून सांगतो. सगळ्यांना धीर द्यायचा तो निवृत्तिनाथांनी, पण गुरू आणि थोरला भाऊ असलेले तेच ढासळतात. त्यांचं दुःख कसं सांगितलंय? बंध सुटून रानभर पांगलेल्या गवताच्या पेंढीसारखं. चार भावंडं एकत्र बांधलेली होती आणि आता ती विखुरणार, हे त्या एका उपमेत आलं. शेतात राबणाऱ्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.

गोविंदाग्रजांची राजहंसाची कविता मात्र मन हलकं करत नाही. तिथे बोलते आई. मूल गेलंय हे आपल्याला कळतं, जमलेल्यांनाही कळतं. ती मात्र ते झोपलंय म्हणते आणि सगळ्यांना गप्प करते. मरण या शब्दापासून ती जितकी लांब पळते, तितकं ते आपल्या जवळ येतं. गोविंदाग्रज म्हणजे नाटककार राम गणेश गडकरी. पात्राला ठाऊक नसलेलं प्रेक्षकाला ठाऊक असलं की काय होतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

भा. रा. तांबे यांची बावरलेली नववधू अनेक रसिक मृत्यूचं रूपक म्हणून वाचतात. सासरी जाण्याची ओढही आहे आणि धाकधूकही, त्यामुळे ते रूपक खोटा दिलासा देणारं वाटत नाही.

आपल्या अमरावतीच्या सुरेश भटांनी एका प्रसिद्ध गझलेत थेट सरणावरच्या माणसाला बोलतं केलं. रदीफच, म्हणजे शेराअखेर पुन्हा येणारा शब्दच, भूतकाळाचा, त्यामुळे दर शेराच्या शेवटी आयुष्य संपल्याचं पुन्हा कानावर येतं. तक्रार आहे ती जगण्याबद्दल, मरणाबद्दल नाही.

विदर्भाची एक लेक संस्कृतातही आहे : ‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गातली इंदुमती. आकाशातून पडलेल्या फुलांच्या माळेने ती जाते. इतकी कोमल वस्तू जीव कसा घेते, हे तिच्या नवऱ्याला, अजाला, उमगत नाही. त्याच्या विलापासाठी कालिदासाने वियोगिनी वृत्त घेतलं. ‘कुमारसंभवा’त मदन भस्म झाल्यावर त्याची बायको रती रडते तेही याच वृत्तात. पहिल्या-तिसऱ्या चरणापेक्षा दुसऱ्या-चौथ्यात एक अक्षर जास्त असतं. सर्ग मोठ्याने वाचून पाहा. ती विषम चाल हुंदक्यासारखी अडखळत पुढे जाते.